मामा, तुमचे मरण तपासायचे राहिले आहे

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लातूर, मंगळवार

तीर्थरूप गुरुपादप्पा मामांच्या चरणी भाचा अमरेश याचे शरणु शरणार्थी. महानंदा मामींनाही तसेच सांगावे. त्यांच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल अशी आशा करतो.

मामा, तुमची प्रकृती कशी आहे? पत्राच्या सुरुवातीला विचारायची पद्धत आहे म्हणून विचारत नाही. खरोखर विचारतो आहे, आणि उत्तर लेखी हवे आहे. कारण आमच्या छापखान्यात सध्या जे पुस्तक चालू आहे त्यात तुम्ही वारला आहात. साधे वारला नाहीत. किनवटच्या जंगलात पोलिसांची गोळी लागून, मित्राच्या मांडीवर डोके ठेवून, दीड पान बोलून मग वारला आहात. ते प्रूफ माझ्या हातात आले त्याच सकाळी तुम्ही औशाच्या मोंढ्यात आपल्या सरकी पेंडीच्या दुकानापुढे हमालावर ओरडत होता, असे तुमच्या दामिनीने सांगितले. (माझी बहीण अंजू हिच्या फोनवर, आणि विषय अभ्यासाचा चालला असताना सहज निघाले म्हणून.) तेव्हापासून माझे जेवणाकडे लक्ष नाही.

फोन का केला नाहीस, असे तुम्ही म्हणाल. पण फोनवर तुम्ही "हां, बोल" म्हणता, आणि माझे शरणु शरणार्थी पुरते होईपर्यंत "बरं, ठेव" म्हणता. शिवाय आमच्या मालकांना सगळे लेखी लागते. मालक म्हणजे मल्लिनाथ अण्णा. त्यांचा छापखाना मूळ क्लासवाल्यांच्या प्रश्नसंचांचा. मी लागण्याआधी (हे नोंदवून ठेवतो) जीवशास्त्राच्या एका संचात बेडकाच्या हृदयाला एक कप्पा जास्त छापला गेला, आणि अर्ध्या जिल्ह्याचे पालक छापखान्यावर चालून आले. तेव्हापासून अण्णांनी तपासल्याशिवाय काहीही न छापण्याचा नेम केला आहे. लग्नपत्रिकासुद्धा मुहूर्त पंचांगात पाहून मग छापतात. एका नवरदेवाचा जन्मदाखला मागितला, तर ते गिऱ्हाईक उठून उदगीरला गेले. मी बारावीला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा बसूनच राहिलो, हे तुम्ही चारचौघांत सांगता ते खरे आहे. पण माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही, म्हणून अण्णांनी मला प्रुफे तपासायला ठेवले. आणि आता म्हणाले आहेत की हे पुस्तक निर्दोष काढलेस, आणि ज्याचे ज्याचे नाव आत आहे त्याची "मजकूर बरोबर आहे" म्हणून सही आणलीस, तर पाडव्यापासून तू कायम.

इकडे तुम्ही आईला सांगितले आहे की पोरगा कायम झाल्याशिवाय दामिनीचा विषय काढायचा नाही. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क असे आपल्यात म्हणतात, पण तो हक्कही कायम नोकरीवाल्या भाच्याचा, हे मला समजते, त्यात राग नाही. तर मामा, पुस्तक खरे ठरले तर मी कायम. मी कायम झालो तर दामिनी. आणि पुस्तक खरे ठरायचे तर तुम्ही... हे वाक्य मी पुरे करत नाही. वडीलधाऱ्यांना पत्र लिहितो आहे.

पुस्तकाचे नाव 'विषाकडून विवेकाकडे'. चरित्र तुमच्या जुन्या ओळखीच्या लिंबाजीरावांचे. तुम्ही उमेदीत ट्रक चालवत होता तेव्हा तुरीच्या पोत्यांवर बसून फुकट यायचे ते लिंबाजी. पुस्तकात ते गांजाचे इतके मोठे तस्कर आहेत की त्यांच्या नावाने देगलूरपासून किनवटपर्यंत आया पोरांना झोपवायच्या. (मी देगलूरला चौकशी केली. तिथे पोरांना झोपवायला मोबाईल देतात.) आता ते नांदेडला राहतात, पांढरा सदरा घालतात आणि कॉलेजा-कॉलेजांत व्यसनमुक्तीवर भाषणे देतात. त्यांच्या घरातल्या भिंतीला रंग कोणता आहे हे मला सांगता येणार नाही, कारण सगळीकडे शालीत गुंडाळलेल्या लिंबाजीरावांचे फोटो आहेत. पुस्तक शब्दांत मांडले आहे नांदेडच्याच प्राध्यापक रविकांत सरांनी. प्रकाशन व्यसनमुक्ती सप्ताहात, मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते. पाहुण्यांचे भाषणही आमच्याकडेच छापायला आले आहे, आणि त्यातला निम्मा भाग तुमच्या मरणावर आहे.

मी सुरुवातीपासून तपासत निघालो. पहिल्या प्रकरणात लिंबाजीराव पोटाला माल बांधून, पावसाळ्यात, विष्णुपुरीच्या धरणाचे पाणी पोहून पार करतात. विष्णुपुरीला केवळाबाई म्हणून म्हाताऱ्या आहेत, त्यांच्या यजमानांची होडी होती. त्यांना मी ते पान वाचून दाखवले. त्या आधी हसल्या आणि मग पदर तोंडाला लावून पुन्हा हसल्या. "लिंबाजी? पोहला? आरं बाबा, त्यो नदीत तांब्या बुडवाया भ्यायचा. आमच्या मालकानं होडीत घालून नेला, आन् त्यो मधी बसून समद्या देवाला नवस बोलून राहिला होता." मी ताबडतोब पोहणे खोडायला पेन काढले, तर बाई रागावल्या. म्हणाल्या, पोहला ते राहू दे, चांगलं वाटतंय. पन होडी बी घाल, आन् मालकाचं नाव घाल. मी समजावले की माणूस एकाच वेळी पोहू आणि होडीत बसू शकत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "मग पुस्तक कशाला काढून राहिलाव रे तुम्ही? नुस्ता बसला म्हनून पुस्तक, तर आमी बी बसलो होतो की होडीत." त्यांची सही (अंगठा) घेतली. अंगठा नेमका कशाखाली आहे, ते मी अजून ठरवलेले नाही.

मग निवृत्त हवालदार व्यंकटी. यांच्याकडे मी भीत भीत गेलो, कारण पुस्तकात ते नाक्यावर झोपलेले असतात आणि लिंबाजीराव त्यांच्या खाटेखालून पोते सरकवत नेतात. बदनामीचा दावा लागेल म्हणून मी अण्णांकडून वकिलाचा नंबरही घेऊन ठेवला होता. व्यंकटींनी पान दोनदा वाचले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "झोपलो म्हनून लिव्हलंय. बरं, झोपलो. नोकरीत मानूस झोपतंय. पन उठलो बी होतो की न्हाई? उठून मागं पळालो असं लिव्ह. थोडा गोळीबार घाल." मी विचारले, तुमच्याजवळ बंदूक होती का? म्हणाले, काठी होती, पन लोकांला काय मालूम? मी मान हलवेना तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "पोरा, सारी जिंदगी नाक्यावर गेली. एक बी मानूस माझ्या भीतीनं पळाला न्हाई. माझी काय इज्जत हाय का न्हाई?" एवढे बोलून त्यांनी पुढची पाने स्वतःच चाळली आणि तुमच्या मरणाशी येऊन थांबले. तिथे गोळी नुसती 'सुटते'. कोणत्या पोलिसाने सोडली ते सरांनी लिहिलेले नाही. व्यंकटींचा चेहरा एकदम उजळला. मामा, त्यांनी समासात लिहून दिले आहे: "सदर गोळी माझीच. व्यंकटी." म्हणजे तुमच्या खुनाला आता माणूस मिळाला आहे, आणि त्याची सहीही आहे.

इथवर मी सहन केले. माझे म्हणणे असे की माणूस स्वतःविषयी वाढवून सांगणारच. लग्न जमवताना आपणही सांगतो. पण तुमच्या मरणापुढचे पान मला सहन झाले नाही. त्यात लिंबाजीराव तुमची चिता रचतात, अग्नी देतात, तुमची राख ओंजळीत घेऊन गोदावरीत उभे राहतात आणि यापुढे या धंद्याला शिवणार नाही अशी शपथ वाहतात. मामा, आपल्या लिंगायतांत कोणाला कधी जाळले आहे का? आपल्या माणसाला स्नान घालून, कपाळी भस्म लावून, हातात इष्टलिंग देऊन, मांडी घालून बसवतात आणि तसेच पुरतात. तुमच्या नावात 'अप्पा' दिसत असताना सरांनी चिता कशी रचली? आणि चिता नाही तर राख नाही, राख नाही तर शपथ नाही, शपथ नाही तर विवेक नाही, आणि पुस्तक नुसतेच 'विषाकडून' उरते.

मी नांदेडला जाऊन हे सरांपुढे मांडले. सर म्हणाले, "हो का? पण चितेशिवाय वाचकाला वैराग्य येत नाही हो." लिंबाजीराव शेजारी सुपारी कातरत होते. ते मात्र लगेच तयार झाले. "मग पुरा त्येला. त्यात काय? बसवून पुरा. शिरूर अनंतपाळला पुरला म्हनून लिव्हा, तिकडं कोन जातंय बघायला!"

मी जातो, मामा. तेच माझे दुर्दैव आहे. शिरूरला एसटीतून उतरलो आणि स्टँडसमोर नरसिंग म्हणून हॉटेलवाले आहेत, त्यांना विचारले की इथे औशाच्या गुरुपादप्पांची समाधी कुठे आहे. ते म्हणाले, असं काही न्हाई. मी चहा घेतला, कागदावर 'समाधी नाही' असे लिहिले, आणि का विचारतो म्हणून त्यांनी विचारले तेव्हा खरे कारण सांगितले. ही माझी चूक. पुस्तक येणार, मोठे पाहुणे येणार, आपल्या गावाचे नाव येणार, हे ऐकून बाकड्यावरची माणसे उठून जवळ आली. अण्णांनी खात्रीसाठी मला पुन्हा धाडले, तोवर समाधी सापडली होती. नळयोजनेच्या टाकीसाठी बांधलेला एक चौथरा आहे. टाकी आलीच नाही, चौथरा राहिला. त्याला चुना दिला होता. वर बेल होता, पुढे नारळ फोडलेला होता, आणि तुम्ही आत कोणत्या दिशेला तोंड करून बसला आहात यावर दोन गट पडले होते. नरसिंग तर सांगत होते की शेवटचं पानी मीच पाजलं. मी म्हणालो, मागच्या खेपेला तुम्हाला ठाऊक नव्हते. म्हणाले, "तवा तू चहाचं गिऱ्हाईक होतास. गिऱ्हाइकाला कोन दुःख सांगतंय?" मामा, मी काय सांगू, निघताना माझे हात आपोआप जोडले गेले.

शेवटी मी नांदेडला जाऊन लिंबाजीरावांना सरळच सांगितले की गुरुपादप्पा माझे सख्खे मामा आहेत, आणि जिवंत आहेत. मला वाटले ते दचकतील. ते म्हणाले, "जिता हाय ते मला म्हाईत हाय की. गेल्या दिवाळीला त्येच्याच दुकानातून पेंड नेली म्हशीला. काय भाव लावतो रे तुझा मामा!" मग दार लोटून घेतले आणि खरे ते सांगितले. ते असे. तस्करी म्हणून जी काही केली ती एकाच पोत्याची. पोते तुमच्या ट्रकवर तुम्हाला न सांगता चढवले होते. वाटेत तुम्हाला वास आला, तेव्हा तुम्ही पोते आणि लिंबाजी दोघांनाही खाली उतरवून दिले. त्यांनी ते एका शेतकऱ्याच्या कडब्यात लपवले. शेतकऱ्याने कडबा म्हशीला घातला. म्हैस झोपली ती उठेना, आणि तिचे दूध त्या घरात होते तोवर सासू-सुनेत भांडण म्हणून झाले नाही. पुढे म्हैस उठली, भांडण पूर्ववत झाले, तेव्हा घरच्यांना काय ते कळले आणि लिंबाजींना बडवले. तिथे धंदा संपला. हे सगळे मला खरे वाटते, कारण यात ते कुठेच मोठे दिसत नाहीत.

मी म्हणालो, मग हेच लिहू या. लिंबाजीराव म्हणाले, "कालिजात शंभर पोरं पुढं बसत्यात. म्हशीचं सांगितलं तर हसून राहत्यात. पन तुझ्या मामाचं मरन सांगितलं की पोरीच्या डोळ्याला पानी येतंय, पोरं तंबाखूच्या पुड्या टेबलावर आनून ठेवत्यात. त्यातली निम्मी जाताना परत उचलत्यात, पन निम्मी ऱ्हात्यात की! तुझा मामा जिता राहून एवढं करनार हाय का?" तुमच्या दुकानाचा चांगुलपणा मी सांगू लागलो, पण तो पेंडीच्या भावाशी येऊन अडला.

हे सारे अण्णांपुढे ठेवले. अण्णा म्हणाले, माणूस जिवंत असेल तर दुसरा कोणी मयत बघ. मजकूर बदलायचा नाही, नाव बदल. ही बातमी शिरूरला कशी पोचली देव जाणे. नागुबाई म्हणून एक म्हातारी एसटीने छापखान्यावर आल्या. त्यांना पुस्तकात आपले यजमान घालायचे होते. म्हणाल्या, "खरंच मेलेले हायेत, तुला काई तपासाया नगं. जल्मभर प्याले, मारलं, कुनी रडलं न्हाई त्यांच्या मागं. म्या बी न्हाई. तुझ्या पुस्तकात त्या पाव्हन्यानं भाषनात नाव घेऊन जरा रडावं, मंजी झालं." अण्णांनी त्यांना चहा दिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, हे बरे आहे, कागदपत्रही आहेत. पण मी विचार केला, पिऊन वारलेल्या माणसाला व्यसनमुक्तीचा हुतात्मा कसा करायचा? त्यापेक्षा तुम्ही बरे. निदान तुम्ही सुपारीही खात नाही.

तर आता माझा निर्णय असा की मी तपासल्याची सही करणार नाही. उद्या सकाळी सगळी प्रुफे अण्णांच्या टेबलावर ठेवीन आणि वर लिहीन: "गुरुपादप्पा हयात आहेत, सबब शेवटचे प्रकरण चूक." अण्णा मला कायम करणार नाहीत, कदाचित आहे तेही राहणार नाही. पण जिवंत मामाच्या मरणाखाली "तपासले, बरोबर आहे" असे भाच्याने लिहावे, हे मला शोभत नाही. तुमच्या आशीर्वादाने कुठेतरी काही मिळेलच.

आईचा तुम्हाला नमस्कार. अंजू बरी आहे. माझे काही चुकले असेल तर कान धरावा, पण जवळ बोलावून धरावा.

तुमचा भाचा,
अमरेश

ता. क. वरचे सगळे ज्यासाठी लिहिले ते लिहायचे राहिलेच. मामा, माझ्या कायम होण्याची अट काढता येईल का? तुम्हाला जिवंत ठेवण्यापायी माझी नोकरी जाते आहे, हे लक्षात घ्यावे. उपकार म्हणून सांगत नाही, पण दुसऱ्या कोणत्याही भाच्याने एवढे केले नसते. दामिनीची हरकत नसावी, असे अंजूला वाटते.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवले होते ते फोडून लिहितो आहे. आत्ता दामिनीचा फोन आला (तिच्याच फोनवरून; तुम्ही शेजारी उभे होता म्हणे). शिरूरचे नरसिंग आणि मंडळी समाधीवर लावायला तुमचा फोटो मागत दुकानात आली, तुम्हालाच मयताचा धाकटा भाऊ समजून सांत्वन करून गेली, आणि तुम्ही ते करून घेतलेत, हे कळले. मिशीवाला जुना फोटो शोधून दिलात हेही कळले. त्यांनी कुठून तरी मिळवून आणलेले प्रकरण तुम्ही दामिनीकडून दोनदा वाचून घेतलेत आणि निरोप दिलात तो असा: मरण माझेच ठेवा, त्या नागुबाईच्या नवऱ्याला काय म्हणून द्यायचे? पण मी पळताना पाठीत गोळी लागते असे का लिहिले आहे? पाठीत नको, छातीत घ्यावी. हवालदाराच्या हातून तर मुळीच नको; निदान फौजदार तरी असावा. आणि अमरेशला सांग, गुपचूप सही करून कायम हो आणि पाडवा झाल्यावर आईला घेऊन औशाला ये.

मी लगेच अण्णांना विचारले. अण्णा म्हणाले, मयताची स्वतःची सही मिळत असेल तर त्याहून पक्का पुरावा नाही. फौजदार घालतो. व्यंकटींना गोळीच्या बदल्यात पुस्तकात पाठलागाला जीप देतो. सोबत शेवटच्या प्रकरणाची प्रत जोडली आहे, तिच्यावर "मजकूर बरोबर आहे" म्हणून सही करून उलट टपाली धाडावी. आणि मामा, छातीत डावीकडे की उजवीकडे, तेवढे मात्र स्वहस्ते स्पष्ट लिहावे. अंदाजाने लिहिणे मला जमत नाही.